ओढ्यात घातलेले बांध

मुलांनो, परवा मी ओढ्याचा फोटो पाठवला आणि तुम्ही सगळ्यांनी लगेच कळवलंत, किती सुंदर झालाय. झाला आहे खरा. पण सुट्टीत तुम्ही याल तेव्हा काठावर उभं राहून तो कौतुकाने दाखवणं मला जमायचं नाही. त्याचं कारण आधीच लिहून ठेवते. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही.

तुमच्या मोठ्या आजी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आपण सगळे अक्का म्हणायचो, त्या माझ्या कितीतरी आधी या घरात आल्या. तेव्हा ओढा परसामागून वाकडातिकडा जायचा आणि खाली नदीला मिळण्याआधी पसरून मोठी पाणथळ करायचा. पावसाळ्यात नदीतले मासे त्या पाणथळीतून वर चढत आणि थेट आपल्या भातशेतात येऊन अंडी घालत. आमच्या वाडीत चढता मासा कोणी धरत नसे. पाणी ओसरून मासे परत निघाले की मगच शेताच्या तोंडाशी बांबूची टोपली लावायची. चढणीच्या दिवसांत अक्का मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहत. एरवी काम सोडून बसलेल्या मी त्यांना पाहिलं नाही.

पुढे रस्ता रुंद झाला, दुकानं वाढली, आणि खालच्या पुलापासून वर आपल्या परसापर्यंत ओढ्याला सिमेंटचा तळ आणि सिमेंटच्या भिंती आल्या. चिखल गेला म्हणून आम्हालाही बरंच वाटलं. पण त्या गुळगुळीत तळावरून पाणी असं धावू लागलं की माशाला दम खायला जागा उरली नाही. शेतात मासे यायचे बंद झाले.

गेल्या उन्हाळ्यात, मासे पुन्हा चढावेत म्हणून, ते सिमेंट फोडायचं ठरलं, तेव्हा अक्का अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांनी खाट मागच्या दाराशी ओढून घ्यायला लावली.

"औंदा मला हितनं मासा बघायचा हाय," त्या म्हणाल्या. "फुडच्या पावसाळ्याला मी न्हाई."

काम वाडीतल्याच लोकांनी करायचं होतं. माझे चुलतदीर, तुमचे धाकटे आजोबा, मुकादम झाले. धारवाडहून आलेल्या इंजिनियर बाईंनी कानडीत सगळं समजावलं: दगड विस्कटून टाका, उतार ठेवा, पाण्याला पाहिजे तसं वाहू द्या. कानडी आमच्या वाडीत सगळ्यांना समजतं; मीही शेजारी उभी राहून ऐकलं. सगळ्यांनी माना हलवल्या. बाई गेल्या.

पण ही सगळी भातशेती करणारी माणसं. उतारावरून पाणी निसटताना दिसलं की त्यांचे हात गप्प राहत नाहीत. एक दगड नीट बसवला, मग त्याच्या शेजारी दुसरा, फटीत माती चेपली. पावसाळा तोंडावर येईपर्यंत ओढाभर एकाखाली एक असे देखणे बांध उभे राहिले आणि प्रत्येकामागे पाणी ताटात वाढल्यासारखं सपाट.

"वयनी, बघा तरी," दीर मला म्हणाले. "थेंब वाया जाईत न्हाई."

अक्कांनी खाटेवरूनच मान उंच करून पाहिलं. "आरं, मासा काय भाताचं रोप हाय, एका जाग्यावर हुबा ऱ्हायाला? ह्या भिताडावरनं त्यो चढंल कसा?"

दीरांनी हातांची माती झटकली. मग म्हणाले, "हाताला येतंय त्येच झालं, अक्का."

दुसऱ्या दिवशी ते पहार घेऊन उतरले, पण वर घाटात पाऊस लागला होता आणि ओढा भरून आला. त्या पाण्यात कोणाला उतरू देणं शक्य नव्हतं. बांध तसेच राहिले.

सगळा पावसाळा अक्का विचारत राहिल्या, "आला काय गं?" मी न्हाई म्हणायची. एकदा पाऊस उघडला तेव्हा दीर पुलाखालच्या डोहातून एक मासा पकडून, तांब्यात घालून घेऊन आले. मला खुणेने गप्प राहायला सांगून त्यांनी तांब्या अक्कांपुढे धरला. अक्का बराच वेळ आत बघत होत्या.

"चढून आलाय का आणलायस?"

दीरांनी तांब्या मागे घेतला.

"सोड जा खाली. पोटात अंडी हायत तिच्या." आणि थोड्या वेळाने, "चांगला हायस रे तू. पर आकल न्हाई."

दीर हसले, आणि तांब्या सांभाळत चिखलातून पुलाकडे गेले. अक्कांनी त्यानंतर विचारलं नाही.

भात कापायला आलं तेव्हा त्या गेल्या. दिवसकार्य झाल्यावर दीर एकटेच ओढ्यात उतरले आणि त्यांनी स्वतः घातलेले बांध स्वतः फोडले. मदतीला कोणाला येऊ दिलं नाही. दगड जिथे पडले तिथे पडू दिले. तुम्ही फोटोत पाहिलंत ते हेच. अक्कांची खाट आता माळ्यावर आहे. मागच्या दाराशी मी अजून काही ठेवलेलं नाही.

परसामागे मासा आलेला नाही. पावसाळ्यात येईल की नाही, मला माहीत नाही. पुलाखाली सिमेंट कधी पोहोचलंच नव्हतं. तिथल्या डोहात ते मासे अजून आहेत.