सारस कोरणारे दादा

रेशमी स्कार्फ छापणाऱ्या त्या कारखान्यात लहानथोर सगळेच त्यांना दादा म्हणत. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ तिथे मुकादम होता. त्याचं ऐकून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. दादा लाकडी ठसे कोरत. जुन्या जपानी चित्रांच्या धाटणीचा, बर्फाने वाकलेल्या बांबूंखाली दोन सारस असलेला स्कार्फ त्यांच्या हातचा. रंगागणिक वेगळा ठसा, पण एकावर एक छापताना केसाचाही फरक नाही. त्या स्कार्फने कारखान्याचं नाव झालं.

मग दादांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण हात थरथरू लागला. सारसाची मान बदकासारखी येऊ लागली. मालकीणबाईंनी काम गुपचूप दुसऱ्या कारागिराला दिलं. दादांना सांगायचं कुणी?

"माझ्यावर सोडा," धाकटा म्हणाला.

त्याने दादांना जुन्याच जागी बसवलं, टाकाऊ फळ्या दिल्या. "तुझ्याशिवाय कुणाला जमणार हे, दादा?"

दादा खुलले. दाढी करून, भांग पाडून येऊ लागले. संध्याकाळी धाकटा त्यांचा ठसा काखेत मारून न्यायचा. छपाईकडे नव्हे, रेशमाला वाफ देणाऱ्या बॉयलरकडे. इस्त्रीवाली म्हणायची, "दादा, तुमचे सारस परदेशी उडाले बरं!" बाकीचे तोंड फिरवून हसायचे. दादा घरी जाऊन बायकोला अगदी रंगवून सांगायचे.

"अहो, मग माझ्यासाठी एक तरी आणा की," ती म्हणाली.

दादांनी मागितला. धाकट्याने निघता निघता नवा स्कार्फ हातात कोंबला. दादांनी तो खिडकीपाशी धरला.

"ही मान माझी नाही."

धाकटा ठसा घेऊन निघून गेला होता. दादा मागोमाग गेले, तर बॉयलरवाला तोच ठसा आत सारत होता.

"लाकूड झकास असतं हो तुमचं," तो भाबडेपणाने म्हणाला. "लगेच पेटतं."

दादांनी तिथेच उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. धाकटा आधी ओशाळला, मग चिडला. "काय करायला हवं होतं मी? घरी भिंतीकडे बघत बसला असतास!"

दादांनी स्कार्फची घडी करून खिशात ठेवली.

"उद्या कुठल्या रंगाचा कोरू?" त्यांनी विचारलं.

"कुठलाही कोर."

दादा येत राहिले. दिवसभर कोरायचे, आणि संध्याकाळी ठसा स्वतःच बॉयलरपाशी नेऊन द्यायचे. आता कुणी हसायचंही नाही. फळी लहान असली की बॉयलरवाला मात्र कुरकुरायचा.