उभ्या बाटल्यांचा मुलूख

दुबईच्या विमानतळावर आपली बॅग पट्ट्यावरून यायच्या आधी दारू येते. मी चेष्टा करत नाही. सामानाच्या पट्ट्यासमोरच दुकान, आणि त्यात छतापर्यंत बाटल्या. माझ्याबरोबर उतरलेले कितीतरी भाऊ घरी फोन लावायच्या आधी तिकडे वळले. मी ट्रॉली धरून तिथेच थांबले.

मला धक्का का बसला, ते सांगते. संगमेश्वरकडच्या आमच्या गावात आम्ही बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं. त्या मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडवी जिंकली. आता शेजारच्या गावात तेच चाललंय, आणि त्यासाठीचं पत्रक मी लिहिलंय. त्यातलं एक वाक्य सगळ्यांना तोंडपाठ आहे : ‘आखातात थेंब मिळत नाही, म्हणून आपल्याच गावचा एक बुडालेला तरुण तिथे जाऊन माणसांत आला.’ नाव छापलं नव्हतं. पण तो महेश, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

महेश माझ्या शाळेतला. पिऊन पिऊन त्याने घर रिकामं केलं, तेव्हा त्याची बायको सुजाता माहेरी निघून गेली आणि आमच्या चळवळीत आली. तो शारजाला हमरिया फ्री झोनमध्ये, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, फिटर म्हणून लागला. आता त्याला अबुधाबीत दुसरी नोकरी मिळत होती. राहायला खोली, बायकोचा व्हिसा, सगळं. मी निघाले तेव्हा सुजाता एवढंच म्हणाली होती, “त्याच्या बोलण्यावर मी जाणार नाही. तू तुझ्या डोळ्यांनी बघ आणि ये. तू म्हणशील तसं.”

तर माझी सुट्टी ही अशी.

उतरले दुबईतल्या करामा भागात, रुहीकडे. रुही माझी पुण्याच्या कॉलेजातली मैत्रीण, जन्म इथलाच. करामा म्हणजे बुटक्या जुन्या इमारती, खाली उडप्याचं हॉटेल, शेजारी भाजीवाला, वर वाळत घातलेले परकर. काकूंनी, म्हणजे रुहीच्या आईने, थालीपीठ वाढता वाढता माझी बॅग उघडली आणि पत्रकांचा गठ्ठा बघून हात कपाळाला लावला. मी तो इथल्या मराठी कामगारांत वाटायला आणला होता.

“इथे परवानगीशिवाय असलं वाटायचं नसतं गं बाई. खलास होशील.”

गठ्ठा गेला तांदळाच्या डब्यामागे. जिथे बाटली खुशाल विकायची, तिथे बाटलीविरुद्धचा कागद लपवायचा. मी चडफडले. काकूंनी आणखी एक थालीपीठ वाढलं.

रविवारी अबुधाबी. महेशची सुट्टी रविवारीच. तो सकाळी करामात आला, इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं. अंगाने भरला होता, डोळ्यांचा पिवळेपणा गेला होता. मी स्थळ बघायला आल्यासारखी निरखून बघत होते, आणि तो तसं बघू देत होता. रुहीने गाडी काढली. दोन्ही बाजूंना वाळू, मधे रस्ता, आणि बाहेर असं ऊन की काचेला हात लावला तर चटका. आधी मोठी मशीद पाहिली. दारावर मला अंगभर झगा घालायला दिला. आतला पांढरा संगमरवर, पायाखालचा गार गालिचा, एवढ्या माणसांत पसरलेली शांतता; खरं सांगते, तिथे माझं तोंड पहिल्यांदाच बंद झालं. मला वाटलं, माझं पत्रक ज्या देशाबद्दल होतं तो देश हाच.

मग रुही म्हणाली, “यल्ला (चला, आटपा), आता जत्रा.”

कसली? तर जर्मन लोकांची. दर वर्षी हॉटेलवाले भरवतात, गाणी असतात, खाणं असतं. तिकिटं काढून ठेवली होती. पुढचं मला कुणी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी आले नसते.

हॉटेलच्या मागे भलामोठा तंबू, आत हाडं गोठवणारा एसी. लांबच लांब बाकं, वर निळ्या-पांढऱ्या पताका. स्टेजवर फिलिपिनो बँड, चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घालून जर्मन गाणी गात होता. आणि माणसांच्या हातात कान असलेले काचेचे पेले, प्रत्येक पेला आमच्याकडच्या दुधाच्या चरवीएवढा. बिअर. दुपारच्या उजेडात, बायकापोरींसकट, बाकांवर उभं राहून. मशिदीतला गारवा अजून तळपायाला होता माझ्या.

घेरदार झगा आणि पांढरा एप्रन घातलेली पोरगी ऑर्डर घ्यायला आली. राग कुणावर तरी काढायचाच होता. मी विचारलं, “तुम जर्मन हो क्या?”

“नहीं दीदी, चितवन. नेपाल.”

शेजारचे केरळी काका पिसाची टोपी सावरत हसले. म्हणाले, मी इथे तीस वर्षं आहे, जर्मन एकही पाहिला नाही, पण सण चुकवत नाही.

खायला ब्रेत्सेल (खारी, मऊ, चकलीसारखी वळलेली पण ताटाएवढी रोटी) आलं. ते मी तोडत होते, तेवढ्यात महेश उठून काउंटरकडे गेला. परत आला तो दोन्ही हातांत पेले घेऊन. सोनेरी, वर फेस. एक रुहीपुढे ठेवला, एक स्वतःपुढे. मला पाण्याची बाटली.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि पेला उचलला.

त्या क्षणी मी काही विचार केला असं म्हणणार नाही. त्याच्या हातातला पेला मी खेचला आणि टेबलावर आडवा पाडला. पुरता आडवा, कान वर. सगळं वाहून ब्रेत्सेलवर, तिथून रुहीच्या पांढऱ्या पँटवर. रुही किंचाळली, “What is wrong with you!” पलीकडच्या बाकाला वाटलं, हा जर्मन रिवाजच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर आपलाही पेला आडवा केला.

महेश हलला नाही. “झालं? आता वास घे.”

मी बोटं नाकाशी नेली. सफरचंद. सफरचंदाचा रस आणि सोडा.

“मग सांगायचं होतंस,” मी म्हणाले.

“सांगितलं असतं तर तू भाषण केलं असतंस.” त्याने टेबल पुसायला घेतलं. “पत्रक पाठवलंस ते वाचलं मी. शारजात दारू नाही, ते खरं. पण आमच्या गेटबाहेर गाडीत बसलं की लगेच अजमान, दुसरं राज्य, आणि तिथे पाहिजे तेवढी मिळते. रूममधले दर सुट्टीला जातात. मी जात नाही. तुझ्या त्या वाक्यात मी कुठे आहे, वैशे? तिथे फक्त ‘दुकान नाही’ एवढंच आहे.”

मी भिजलेल्या ब्रेत्सेलचे तुकडे गोळा करायला लागले.

“अबुधाबीत तर कोपऱ्याकोपऱ्यावर हॉटेल आहे,” तो म्हणाला. “सुजाताला आणून मग घसरलो तर? म्हटलं, आधी जिथे पूर आलाय तिथे बसून बघू. रुही मला सांभाळून घेईल. तू नाही घेणार. म्हणून तू असताना आलो.”

रुही पँट धुवायला गेली. त्याने दुसरा रस आणला आणि आम्ही बसलो. केरळी काकांनी प्रेमाने आपला भरलेला पेला त्याच्याकडे सरकवला, “लो भाई.” महेशने तो परत सरकवला. एसी एवढा, तरी त्याच्या कानशिलावर घाम होता. आमचं बाक थरथरत होतं. आधी मला वाटलं बँडमुळे. बँड थांबला, तरी थरथरत होतं. तो टेबलाखाली गुडघे घट्ट धरून बसला होता. तंबूतली गर्दी अर्धी ओसरल्यावर तो म्हणाला, “बास. आता बाहेर जाऊ.” बाहेर उन्हात उभा राहून त्याने लांब श्वास घेतला. आम्ही समुद्रकाठी गेलो, कडक चहा प्यायलो, रुहीचे डाग वाळले.

माझं मत बदललेलं नाही, हे लिहून ठेवते. तो तंबू बघून माझं डोकं अजूनही फिरतं, आणि शेजारच्या गावात मी आडवीच निवडून आणणार. पण परतीच्या विमानात मी पत्रकातलं ते वाक्य खोडलं. त्याच्या जागी दुसरं काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.

सुजाता अंगणवाडीच्या पायरीवर वाट बघत बसली होती. मी सगळं सांगितलं. तंबू, पेला, सांडलेलं टेबल, थरथरणारं बाक. काही लपवलं नाही, सजवलंही नाही. ती मान खाली घालून ऐकत होती.

“वास घेतलास?”

“घेतला. सफरचंदाचा.”

“आणि गुडघे धरून बसला होता?”

“शेवटपर्यंत.”

ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “पोळपाट-लाटणं तिकडे मिळतं का गं, की इथूनच नेऊ?”