एक्याण्णव केळीचे कंद

एक्याण्णव हा आकडा मला लबाड वाटतो. दिसायला असा, की कुणाला भागूच देणार नाही. आणि पोटात दोन आकडे दडवून बसलेला. या वयातही तो समोर आला की मी गांगरते.

आमचं गाव शहाद्याकडचं, तापीकाठचं. शेती केळीची. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तिच्या तेराव्याला आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला जवळ घेऊन सांगितलं, "हाऊ आकडा मन्हा घरमा परत नही पाहिजे." शपथच घातली. तेव्हापासून आमच्या घरात बारानंतर एकदम चौदा. दिवेलागणीला परवचा म्हणताना मी बाराचा पाढा संपवून चौदावर उडी मारायचे, आणि आबा मान डोलवायचे. शाळेत तेराचा पाढा सुरू झाला की मी पाणी प्यायला उठायचे. गुरुजींना वाटायचं, या पोरीला घरी फार खारट खायला घालतात.

चौथीच्या शेवटच्या परीक्षेला दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, यायचे होते. भाऊबंद आबांच्या मागे लागले होते, पोरीची जात, आता घरी बसव. आबांनी चारचौघांत सांगून टाकलं, "गणितात साहेब शाबास म्हणाले तर पाचवी, नाहीतर शाळा बंद." मला तर धडकीच भरली. घरी आई नव्हती. शाळेत निदान गलका होता.

साहेबांनी मला उभं केलं. "एक्याण्णव केळीचे कंद आहेत. सगळ्या रांगा सारख्या हव्यात, एकही कंद उरता कामा नये. कसे लावशील?" आबा बाहेर खिडकीशी उभे होते.

मी एकेक पाढा धुंडाळला. दोन नाही, तीन नाही, पाचाचा प्रश्नच नव्हता. सात दाहे सत्तर, तिथे सात संपला. त्याच्या पुढेही सात जातो हे मला कोण सांगणार? अकरा आठी अठ्ठ्याऐंशी, अकरा नव्वे नव्याण्णव. एक्याण्णव मधूनच निसटला. बारातही नाही. चौदापासून तीसपर्यंत गेले, मेला कुठे सापडेना.

"एकाच लांब रांगेत लावावे लागतील, साहेब," मी छातीठोकपणे म्हणाले. "दुसरी सोयच नाही."

वर्गातली मठ्ठातली मठ्ठ पोरंही हसली. साहेब म्हणाले, "पाढे कच्चे आहेत." मी बावचळून खिडकीकडे पाहिलं. आबांनी मान खाली घातली होती. माझं चुकलं कुठे, तेच मला कळेना. मी काही गाळलं नव्हतं. जे गाळायला सांगितलं होतं तेवढंच गाळलं होतं.

संध्याकाळी दिवा लावला. बाराचा पाढा कसाबसा संपवला आणि मला रडूच कोसळलं. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले आबा म्हणू लागले, "तेर एके तेर, तेर दुणे सव्वीस..." मी घाबरून त्यांच्याकडे बघत राहिले. शपथ त्यांनीच घातली होती ना? "तेर साती" म्हणून ते थांबले. मला वाटलं, पुढचं मी म्हणायचंय. पण मला येत कुठे होतं?

"एक्याण्णव," आबा म्हणाले. "तुन्ही चूक नही, माय. मन्ही शे."

सकाळी त्यांनी माझा हात धरला आणि शाळेची वाट धरली. भाऊबंद ओट्यावर बसलेच होते. एकाने विचारलं, काल पोरगी नापास झाली ना?

"नापास पोरगी नही, मी शे," आबा म्हणाले, आणि मला पाचवीच्या वर्गात नेऊन बसवलं.