ओटीत धरलेला पगार

संचिता आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ती तयार माल तपासते. बोलणं कमी, चालणं भराभर. सकाळी सात वाजता दीड वर्षांची श्रिया माझ्या हातात देताना तिचं एकच वाक्य असतं, "काकू, पेज डब्यात आहे." नवरा सूरज पाठीच्या ऑपरेशननंतर आठ महिने घरीच आहे. घर तिच्या पगारावर चालतं.

श्रियाच्या वेळी तिला सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली होती. त्या वर्षाचं आयकर विवरण गेल्या सप्टेंबरात गुणाजींनी भरलं. ते सूरजच्या गावचे, राजापूरकडचे. इथल्या सगळ्या गाववाल्यांचे फॉर्म तेच भरतात, एक पैसा न घेता. पासवर्ड त्यांच्या वहीत, मोबाईल नंबरही त्यांचाच. बायकांना कशाला त्रास, म्हणून. संचिताने कंपनीचे कागद दिले, चहा केला आणि विषय संपला. ऑक्टोबरात कापलेला पंचवीस हजारांचा कर परत आला. तो सूरजच्या डॉक्टरांकडे गेला.

अठ्ठावीस डिसेंबरला, तेव्हा गावी गेलेल्या गुणाजींनी आयकर खात्याचा संदेश तिला पुढे पाठवला. विवरणात उत्पन्न कमी दाखवलंय, एकतीस तारखेपर्यंत दुरुस्त करा. खाली त्यांनी लिहिलं होतं, "बघून घे."

ती विवरणाची प्रत घेऊन माझ्याकडे आली. रजेचा सगळा पगार करमुक्त रकान्यात टाकलेला.

"कंपनीने तर तो पगार म्हणूनच दाखवलाय, काकू. म्हणजे मी खोटं लिहिलं."

"तू कुठे लिहिलंस?"

"नाव माझंच आहे ना."

तिच्या ऑफिसातल्या हिशेबनिसाने सांगितलं होतं की मुदत चुकली तर कर, व्याज आणि वर कराच्या दुप्पट दंडही लागू शकतो. तिने बचत गटातून पैसे उचलले. भरायचे पैसे हातात होते, पण आयकराच्या साइटवरचं तिचं खातं उघडत नव्हतं. पासवर्ड गुणाजींकडे, आणि तो आधारवरून बदलायचा तर आधारला जोडलेला नंबर लग्नाआधीचा, केव्हाच बंद झालेला. गुणाजींचा फोन लागेना. सूरजने वाडीतल्या दुकानात निरोप ठेवले.

एकतीस तारखेला ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली आणि माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. प्रत्येक फोनची वेळ मी डायरीत लिहीत होते. अठरा फोन झाले. पाच वाजता गुणाजींचाच आला. ते सड्यावर चढले होते. गावात तेवढ्याच माळावर रेंज येते. पासवर्ड नीट मिळाला. मग त्यांच्या मोबाईलवर ओटीपी आला.

"सहा... दोन... आठ..."

"पुढे, काका?"

आवाज तुटला. परत लागला तोवर वेळ संपली होती. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा सगळे आकडे आले, पण उशिरा, आणि पडद्यावर उमटलं की आता काही वेळ प्रयत्न करता येणार नाही.

"काळोख पडतोय गो," गुणाजी म्हणाले. "इथे बिबट्या फिरतो. आमचा रतन खालून हाका मारतोय."

"थोडा वेळ थांबा, काका. पाया पडते तुमच्या."

ती कुणापुढे अशी बोललेली मी ऐकली नव्हती. ते थांबले, अर्धा तास थांबले. खातं उघडलं नाही.

"मी चुकलो, पोरी," ते शेवटी म्हणाले. "बाळंतपणाचे पैसे ना ते. म्हटलं, बाईच्या ओटीत पडलेल्या पैशाला कसला आलाय कर."

"ओटी नव्हती ती, काका. माझा पगार होता."

त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. फोन तुटला होता. रात्री उशिरापर्यंत पुन्हा लागला नाही.

श्रिया भुकेने रडत होती. सूरज भिंतीला धरून उभा होता. संचिता माझ्या डायरीकडे बघत राहिली.

"काकू, यात सगळ्या वेळा आहेत ना? मी प्रयत्न केला हे आयकरवाल्यांना दाखवता येईल?"

असला कागद कुठलं खातं मानतं, हे मला माहीत नाही. मी ते पान फाडून तिला दिलं. साठ वर्षांत डायरीचं पान मी कधी फाडलं नव्हतं. तिने ते चार घड्या करून पर्समध्ये ठेवलं आणि मुलीला उचललं.