धुतलेला नऊ नंबर

आईवर मी आजवर एकदाच ओरडलो आहे, आणि तेही एका शर्टावरून. शर्ट माझा नव्हता, अशी मी माझी बाजू मांडतो. आई म्हणते, तुझा असता तर तू ओरडलाच नसतास, कारण तुझे शर्ट धुतलेले तुला कधी कळतच नाहीत.

हे घडलं मेलबर्नमध्ये, दुसऱ्या लॉकडाउनच्या वेळी. आई फेब्रुवारीत पुण्याहून दोन महिन्यांसाठी म्हणून आली होती. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि ती क्लेटनच्या माझ्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये अडकली. अडकली हा माझा शब्द. तिच्या मते अडकलो होतो मी. मुलगा घरून काम करतोय, चोवीस तास हाताशी आहे, बाहेर सोडतात ते दिवसातून एक तास, तेही पाच किलोमीटरच्या आत. कुठल्या आईला असं सुख मिळतं? ऑगस्टपर्यंत तिने माझं घर अक्षरशः धुऊन काढलं. पडदे झाले, सोफ्याची कव्हरं झाली, लॅपटॉपची बॅगसुद्धा झाली. आता धुवायला काही उरलं नव्हतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी तो शर्ट घरी आणला.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. मी बेसबॉल खेळतो. युनिव्हर्सिटीत शिकायला आलो तेव्हा भाड्याच्या घरासमोरच एका छोट्या क्लबचं मैदान होतं. बॅट दिसली, चेंडू दिसला, म्हटलं आपलंच काहीतरी आहे, आणि गेलो. तिसऱ्याच चेंडूवर सणसणीत फटका बसला आणि मी बॅट हातात घेऊन धावत सुटलो. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं. सगळं मैदान ओरडायला लागलं. मला वाटलं कौतुक चाललंय, म्हणून मी आणखी जोरात पळालो आणि पहिल्या बेसजवळ आल्यावर लांबूनच बॅट टेकवली, रनआउट नको म्हणून.

हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले कोच मैदानात आले. धंद्याने प्लंबर, वय साठीच्या पुढे, चेहरा कायम उन्हाने लाल. माझ्या हातातली बॅट हळूच सोडवून घेत म्हणाले, "टाकलीस तरी परत मिळते, मेट. इथे कोणी चोरत नाही." त्या वेळी या देशात मला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. त्या रविवारपासून कोच मला नावाने हाक मारायला लागले, आणि माझं नाव ते आजतागायत चुकीचंच उच्चारतात. मला ते चुकीचं नावही आवडतं.

तर त्या वर्षी क्लबने ठरवलं की कोचचा नऊ नंबर निवृत्त करायचा, म्हणजे यापुढे आमच्या क्लबात नऊ नंबरची जर्सी कोणीच घालायची नाही. मोठे व्यावसायिक क्लब असं करतात. मग त्या नंबरच्या जुन्या जर्सीला सोन्याचा भाव येतो, कारण नवी कधी निघणारच नसते. आमच्या खजिनदाराच्या डोक्यात हा शेवटचा भाग घट्ट बसला. सीझन रद्द झाला होता, कँटीनमधलं सॉसेज विकलं जात नव्हतं, आणि होम प्लेटमागची, म्हणजे बॅट घेऊन उभं राहतात त्या जागेमागची, उंच जाळी फाटली होती. जाळी बदलल्याशिवाय कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, खेळू देणार नव्हती. म्हणून ठरलं की नंबर निवृत्त करायचा आणि कोचची जुनी जर्सी ऑनलाइन लिलावात विकायची.

बातमी फुटली आणि क्लबमधल्या प्रत्येकाला आपला नंबर निवृत्त होण्याच्या लायकीचा वाटू लागला. सहा वर्षांत ज्याने एकही झेल धरला नव्हता त्यानेही अर्ज केला. खजिनदाराने सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं की सगळेच दुर्मीळ झाले तर दुर्मीळ कोण राहणार, शिवाय पुढच्या पोरांच्या पाठीवर चार आकडी नंबर मावणार नाहीत. माझाही अर्ज त्यात होता, हे मी फारसं सांगत नाही.

पण नऊ नंबरची खरी किंमत नंबरात नव्हती, डागात होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या फायनलमध्ये कोच शेवटच्या धावेसाठी चिखलातून घसरत होम प्लेटवर आले होते, आणि छातीपासून कमरेपर्यंत लाल मातीचा पट्टा उमटला होता. तो क्लबने जिंकलेला एकमेव चषक. तेव्हापासून तो शर्ट न धुता काचेच्या फ्रेममध्ये होता. नवे खेळाडू काचेला हात लावून मैदानात उतरत. जुन्या जर्सी घेऊन विकणारा एक व्यापारी केवळ त्या डागासाठी लिलावाला येणार होता. शर्ट कधीच धुतलेला नाही ना, असं त्याने ईमेलवर विचारलं होतं. क्लबच्या वतीने मी लिहिलं होतं, शंभर टक्के.

माझ्याकडे चांगला कॅमेरा होता, म्हणून फोटोंची जबाबदारी माझ्यावर आली. खजिनदाराने फ्रेम दारात ठेवली, बेल वाजवली, दहा पावलं मागे गेला आणि सॅल्यूट ठोकला. मी शर्ट फ्रेममधून काढून खुर्चीवर पसरला आणि ऑफिसच्या मीटिंगला बसलो. मीटिंग दोन तास चालली. बाहेर आलो तर बाल्कनीत नऊ नंबर वाऱ्यावर डोलत होता, पांढरा शुभ्र.

त्यानंतर मी जे ओरडलो ते शेजारच्या व्हिएतनामी आजोबांनीही ऐकलं. त्यांनी खिडकीतून हात हलवून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

"केवढा हट्टी डाग होता!" आई म्हणाली. तिला वाटलं मी आनंदाने ओरडलो. "दोनदा सोडा लावला, मग लिंबू, मग ब्रश. बघ, बोटं सोलली माझी."

"आई, तो डागच विकायचा होता!"

"डाग?"

"डाग!"

तिने माझ्याकडे ताप आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईला डाग दिसला तर ती पातेल्याऐवजी वाटी देते. डाग विकायचा होता तर आधी सांगायचंस. मी काढला नसता."

दुसऱ्या दिवशी माझ्या एका तासात मी मैदानावर गेलो आणि डबाभर लाल माती घेऊन आलो. न्हाणीघरात जुन्या टीशर्टवर थोडी फासून पाहिली. रंग चांगला जमत होता. मान वर केली तर दारात आई कमरेवर हात ठेवून उभी.

"मी धुतलेल्या शर्टाला तू परत माती लावणार?"

"कोणाला कळणार आहे?"

"मला," आई म्हणाली. "आईने धुतला म्हणून सांग. चोरी नाही केलेली आपण."

डबा मी गुपचूप कुंडीत रिकामा केला. जाळीच्या पैशांचं मला तेवढं वाटत नव्हतं, ते कसेही उभे राहिले असते. वाटत होतं ते कोचचं. शनिवारी कोच आपल्या घरी एकटे स्क्रीनसमोर बसणार होते, आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस त्यांच्या डोळ्यांदेखत कवडीमोलाने जाणार होता. तोही माझ्यामुळे.

शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर तीसेक चौकोन जमले. कोचनी टाय लावला होता. मी शर्ट कॅमेऱ्यासमोर धरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आई, सोडा, लिंबू, ब्रश. व्यापाऱ्याचा चौकोन विझला. कोचचे ओठ जोरजोरात हलत होते, चेहरा लालबुंद झाला होता, आणि आवाज मात्र शून्य. सगळे ओरडायला लागले, "म्यूट! यू आर ऑन म्यूट!" अखेर त्यांना बटण सापडलं.

"मी विचारतोय, तिने साबण कुठला वापरला?"

लोक हसले, मीही हसलो, पण लिलाव काही उभा राहिला नाही. खजिनदाराने तीनशे डॉलरपासून सुरुवात केली. कोणी बोललं नाही. दोनशे. शंभर. चौकोनांतले लोक इकडेतिकडे बघायला लागले. शेवटी कोच स्वतःच ओढूनताणून हसत म्हणाले, "चला, पन्नास माझे." आता त्यांच्याविरुद्ध कोण बोलणार? सगळे आदराने गप्प बसले. खजिनदार रडवेल्या आवाजात मोजू लागला, पन्नास एकवार.

आई माझ्यामागे उभी राहून बघत होती. "का थांबले सगळे?" तिने विचारलं.

"त्यांचा शर्ट आहे. त्यांना घेऊ देतायत, स्वस्तात."

"अरे, मग बोल ना तू!" तिने माझ्या खांद्यात बोटं रुतवली. "माझ्या माहेरी देवीपुढच्या नारळाचा लिलाव होतो. बाजारात वीस रुपयांचा नारळ दोन हजारांना जातो. का? चार माणसं बोलतात म्हणून. एकटाच बोलला तर तो नुसता नारळ. पन्नासला दिलास तर तो माणूस आज रात्री जेवणार नाही. बोल!"

"साठ!" मी किंचाळलो.

कोचनी डोळे बारीक केले. "ऐंशी."

खांदा दाबला गेला. "शंभर!"

"तू मला माझाच शर्ट घेऊ देणार नाहीस?"

"नो वरीज, कोच. एकशे वीस!"

आणि मग सगळ्यांना अंगात आल्यासारखं झालं. झेल न धरणारा दीडशेवर आला. कोणाच्या तरी बायकोने मागून दोनशे म्हटलं, मग नवऱ्याने तिच्यावर अडीचशे म्हटलं. खजिनदार खुर्चीवर उभा राहिला, आता आम्हाला फक्त त्याचे गुडघे दिसत होते. कोच टाय सोडून ओरडत होते, आम्हाला शिव्या घालत होते, प्रत्येक आकड्याला टेबल बडवत होते. पाचशे, सहाशे, सातशे. माझ्या खात्यात तेवढे होते की नाही देव जाणे, पण आईचा हात खांदा दाबत होता आणि मी बोलत होतो. हसून हसून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या होत्या. इतके महिने आम्ही कोणीच इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो.

"हजार!" कोच म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला.

मी तोंड उघडलं. आईने हात काढून घेतला.

"आता थांब," ती म्हणाली. "आता त्यांचा झाला."

खजिनदाराने तीनवार मोजलं. टाळ्या वाजल्या. कोच स्क्रीनच्या इतके जवळ आले की फक्त नाक आणि डोळे राहिले. "तुझ्या आईला विचार, त्याला वास कसला येतोय?"

मी शर्ट नाकाला लावला. "साबणाचा. थोडा लिंबाचा."

त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. "ती सत्तावीस वर्षं तो धुवायला मागत होती," ते म्हणाले. "मी एकदाही दिला नाही. किती भांडलो आम्ही. तुझ्या आईला सांग, मी तो परत काचेत ठेवणार नाही. घालणार आहे."

"काय म्हणाले?" आईने विचारलं. मी सांगितलं.

तिने शर्ट माझ्या हातातून घेतला, कॉलर नीट केली आणि इस्त्री तापत ठेवली.