काव्हूरचं धान

काल डेमो लेक्चर होतं. सडक अर्जुनीकडच्या एका कॉलेजात इतिहासाची जागा, तीही तासिका तत्त्वावरची. ही हुकली तर पुन्हा आमच्या कुडव्यात घरच्या ट्यूशनच…

विषय मिळाला होता काव्हूर. तुकड्यातुकड्यांची इटली जोडून एक देश करणारा मुत्सद्दी. मी युद्धं, तह, सगळं घोकून गेले होते.

पण दिवस धानाच्या रोवणीचे. अर्धा वर्ग शेतात… समोर मोजक्या पोरी, त्याही सकाळी चिखलात राबून आलेल्या. मागे परीक्षक सर बसलेले आणि मी सुसाट सुटलेली. एक पोरगी तर चक्क पेंगायला लागली. सरांनी ते पाहिलं.

मग काय सुचलं कुणास ठाऊक… नोट्स मिटल्या. म्हटलं, "हा माणूस पंतप्रधान व्हायच्या आधी धानाची शेती बघायचा."

पेंगणारी ताठ बसली. "तिकडं बी धान होते जी?"

"होतं ना."

"रोवतेत का फेकतेत?"

"रोपं लावत की नुसतं बी फेकत, तेव्हाचं मला नक्की माहीत नाही." हे परीक्षकांसमोर बोलून बसले… गेली नोकरी.

"अन् पाणी कुठचं?"

हे मात्र माहीत होतं, सांगत गेले. नदीचं पाणी धानाला मिळावं म्हणून मोठा कालवा व्हावा, असं त्याला वाटायचं. तो बांधला गेला त्याच्या मृत्यूनंतर, आजही त्याच्याच नावाने वाहतो. देश उभा राहिला आणि काही महिन्यांत हा गेला. रोम तेव्हा देशात आलंही नव्हतं.

तास संपला. सर "कळवतो" एवढंच म्हणाले.

स्टॉपवर आले तर तीच पोरगी मागून धावत आली. "म्याडम, मंग रोमचं काय झालं? का उद्या सांगता?"

तिला कुठे ठाऊक, उद्या माझा तास नाही… कदाचित कधीच नसेल. तिथेच उभ्याने सांगितलं, तो गेल्यावर काही वर्षांनी रोम कसं आलं ते. सांगता सांगता एसटी निघून गेली.

फोन अजून आलेला नाही. जीव टांगणीला लागलाय, सारखी रेंज बघतेय… पण स्टॉपवर मला कुणी तपासत नव्हतं, फक्त कुणीतरी ऐकत होतं. पोरी, तुझं नावही विचारलं नाही मी… थँक्यू.