गाण्यातून उठून गेलेला माणूस

“हे गाणं माझ्या वडिलांनी मिलच्या गेटसमोर, धरण्याला बसलेले असताना रचलं. त्यांचा सगळ्यात जवळचा मित्र ‘तू बैठ, मैं आता हूँ’ म्हणून उठला, आत गेला, स्वेच्छानिवृत्तीच्या फॉर्मवर सही केली आणि परत आलाच नाही. त्या दगाबाजावर हे गाणं आहे.”

हे शब्द माझ्या दिवंगत मित्राच्या मुलाचे. इंदूरच्या जुन्या रॉक गाण्यांचा एक कार्यक्रम त्याने भरवला होता; तिथे माइकवरून त्याने ते उच्चारले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो दगाबाज म्हणजे मी. मला आमंत्रण नव्हते. तिकीट काढून मी चौथ्या रांगेत बसलो होतो.

जे खरे आहे ते मी आधीच मान्य करतो. मी उठलो. मी सही केली. मी परत गेलो नाही. पण त्या गाण्यातून उठून जाणारा माणूस मी नव्हे, आणि हे ठामपणे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे.

या गाण्याचे आणखीही अर्थ लावले जातात. एक निवृत्त प्राध्यापक त्यात जीवात्म्याची प्रतीक्षा पाहतात. त्यांनी आमचा ढोल-ताशा आणि फाटक्या लाउडस्पीकरमधून निघणारे गिटार ऐकले असते, तर जीवात्मा कान झाकून पळाला असता. युनियनचे एक पुढारी म्हणत की, ‘मैं आता हूँ’ हे मालकाचे वचन आहे. भांडवल आणायला गेलेला मालक परतलाच नाही. भाषणाला ठीक आहे. परंतु हे गाणे झाले तेव्हा मिल तिन्ही पाळ्यांत चालू होती आणि मालकाने कुठे जावे याच्याशी आम्हाला काही देणेघेणे नव्हते.

माझा तो मित्र लूम खात्यात जॉबर होता, म्हणजे मागांची देखभाल त्याच्याकडे असे. मी टाइम ऑफिसात कारकून. अनंत चतुर्दशीला प्रत्येक मिलची झांकी, म्हणजे सजवलेला चित्ररथ, रस्त्यावरून निघे आणि आमच्या मिलच्या झांकीपुढे ट्रॉलीवर आमचा बँड असे. माझे गिटार महूच्या छावणीतल्या कुणीतरी विकलेले होते. लाउडस्पीकर मंडळाचा; त्यातून आवाज चिरत यायचा आणि तो चिरलेला आवाजच आम्हाला रॉक वाटायचा. तो गायला उभा राहिला की आमच्या परदेशीपुरा वस्तीतले म्हातारेसुद्धा ओट्यावरून उतरून खाली येत.

त्याला एक सवय होती. पाळी सुटल्यावर पोह्यांच्या दुकानामागच्या पडवीत आम्ही सरावाला जमायचो. तो यायचा, मला बसवायचा, “तू बैठ, मैं आता हूँ” म्हणायचा आणि नाहीसा व्हायचा. कधी कुणाचा पंखा दुरुस्त करायला, कधी कुणाचे भांडण सोडवायला. अर्धा तास, कधी पाऊण तास. घरात मराठी बोलणारा हा माणूस हे वाक्य मात्र नेहमी हिंदीतच म्हणे, बहुधा त्यामुळे ते खोटे वाटत नसावे.

अशाच एका संध्याकाळी बसल्या बसल्या माझ्या बोटांखाली चार सूर आले. ते मी पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो. दुकानदाराने दोनदा आत डोकावून विचारले, “बाबूजी, सुई अटक गई क्या?” शेवटी मित्र परत आला. दारात उभा राहून ऐकले.

“काय वाजवतोयस रे?”

“तुझी वाट.”

“किती लांब आहे!”

“तू ठरव. तू आलास की संपते.”

तो हसला, जवळच्या डब्यावर ताल धरला आणि स्वतःचेच वाक्य स्वतःच्याच तोंडून गाऊ लागला. गाणे असे झाले. आम्ही वाजवायचो तेव्हा सुरुवातीला ते चार सूर आठ वेळा वाजत आणि मगच आवाज लागे. त्या सुरांना लोक आज मिलचा शोक म्हणतात. तो शोक नाही, त्याचा उशीर आहे. बसलेला मी होतो. उठून जाणारा तो.

मग काळ पालटला. वर्तमानपत्रांत उदारीकरण हा शब्द रोज येऊ लागला, गल्लीत केबलच्या तारा लटकल्या आणि एकेका मिलचा भोंगा वाजायचा थांबला. आमच्या मिलला कुलूप लागले तेव्हा कामगार गेटसमोर धरण्याला बसले. मी कारकून असूनही बसलो, त्याच्या शेजारी. गेटच्या आतल्या ऑफिसात मात्र एक खिडकी रोज उघडी असे: ज्याला जायचे असेल त्याने सही करावी आणि जावे.

मी का सही केली याची कारणे देणार नाही. प्रत्येकाकडे कारणे होती, आणि माझी इतरांपेक्षा वरचढ होती असा माझा दावा नाही. त्या दुपारी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचेच वाक्य त्याला ऐकवले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “जा.” सही करून परत यायचे आणि त्याच्या तोंडावर सांगायचे, असे मी ठरवले होते. चोरासारखे जायचे नव्हते.

मी परतलो नाही. तो मात्र पुढेही तिथे बसून गात राहिला. बाहेरून आलेल्या कुणीतरी ते गाणे टेपवर उतरवून घेतले. गिटार दुसऱ्याच कुणाच्या हातात होते आणि सुरुवात दोनच वेळा वाजली. आज सगळे तीच कॅसेट प्रमाण मानतात, कारण त्याआधीची दुसरी नाहीच.

पुढे तो हयात असेपर्यंत आम्ही दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिलो. एकदा भाजीबाजारात समोरासमोर आलो. मान त्याने खाली घातली, मी नाही. बघणारे म्हणाले, गद्दाराचे तोंड त्याला बघवले नाही. त्याच्या पत्नीने माझ्या घराकडे येणे सोडले. चहाच्या दुकानात मी गेलो की बोलणे क्रिकेटवर जाई. माझी पत्नी गेल्यानंतर तर कुणी ओट्यावरही टेकले नाही. गिटार अजून आहे. ते चार सूर एकट्याला वाजवता येतात, एकट्यानेच ते जुळवले होते. पण कुठे थांबायचे ते कळत नाही, कारण थांबवायला कुणी येत नाही.

कार्यक्रमानंतर मी त्या मुलाच्या सुदामा नगरातल्या घरी गेलो.

“या काका, बसा. चहा घ्याल ना?”

“चहा राहू दे. तू मला दगाबाज म्हणालास.”

“नाव कुठे घेतलं?”

“परदेशीपुऱ्यात नाव घ्यावं लागत नाही. आणि गाणं गेटवर नाही, पोह्यांच्या दुकानामागे झालं.”

तो हसला. “देखो काका, लोकांना कहानी लागते. पोह्याच्या दुकानात बसले होते अन् गाणं झालं, हे कोण ऐकणार? अन् मी बनवून थोडंच सांगतोय? तुम्ही उठून गेलात, परत आला नाहीत. झूठ आहे का?”

“नाही.”

“तो फिर?”

“तू हे त्या गाण्याच्या नव्या रेकॉर्डच्या कव्हरवर छापणार आहेस म्हणे.”

“पुढच्या महिन्यात. तुमच्याकडे काही सबूत असेल तर द्या ना. कसम से, बदलून टाकतो.” मग म्हणाला, “तुमचं ते गिटार आहे का अजून? स्टेजवर ठेवायला बरं दिसेल.”

“ते ठेवायचं नसतं. वाजवायचं असतं.”

“वही तो! मग या ना वाजवायला. दगाबाज खुद्द हाजिर, असं अनाउन्स करतो. हाउसफुल्ल जाईल.”

भिंतीवर त्याच्या वडिलांची तसबीर होती, हार घातलेली, आणि तिच्या बाजूला आईची, या हिवाळ्यात लावलेली. त्या बाईने आपला नवरा शेवटपर्यंत गेटवर बसून राहिला या एका अभिमानावर ओढाताणीची सगळी वर्षे काढली. ती असेपर्यंत माझे तोंड बंद राहिले, आणि त्या तसबिरीसमोरही ते उघडले नाही. चहा न घेता मी उठलो. जिन्यातून उतरताना वरून त्याचे हसणे ऐकू आले.

आता मात्र ते छापले जाणार आहे, आणि छापलेले माझ्यानंतरही राहील. म्हणून मीही लिहून ठेवतो. त्या दुपारी मी परत का गेलो नाही, हे मला आजवर कुणी विचारलेले नाही. सगळ्यांनी ते आपापल्या मनाने ठरवले. खिडकीतल्या माणसाने स्वेच्छानिवृत्तीचे रजिस्टर माझ्यापुढे सरकवले. पेन हातात घेऊन मी वाकलो, तेव्हा माझ्या जागेच्या अगदी वरच्या ओळीत माझ्या मित्राची सही होती, आणि तिच्यापुढे आदल्या दिवशीची तारीख.